कोरडे वार

मारुंजीतल्या एका सोसायटीच्या फाटकाजवळ, कुंपणाची भिंत जिथे रस्त्याकडे वळते तिथे, गोजराबाई ओव्हाळ आठवड्यातून तीन दिवस मासे विकतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बाकीचे दिवस कुणी ना कुणी पाळतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. गोजराबाईंच्या स्वतःच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही उपवास केलेला नाही. पण दुसऱ्यांच्या उपवासांचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. धंदाच त्यावर चालतो.

राहायला त्या घोटावड्यात. नवरा उरवड्याच्या एका कारखान्यात वॉचमन आहे, मुलगा धम्मपाल त्याच भागात टेंपो चालवतो. कारखान्याचं भाडं सुरू व्हायच्या आधी तो आईला मुळशी धरणाच्या काठी घेऊन जातो. होडीवाले जाळी ओढून परतलेले असतात. कटला, रोहू, चिलापी, नशीब असेल तर एखादी मरळ. गोजराबाई प्रत्येक माशाचा कल्ला स्वतः उचलून बघतात, लाल असेल तरच घेतात. मग बर्फाचा चुरा, दोन पाट्या, पाट, विळी आणि काटा टेंपोत चढवून मायलेक मारुंजीला येतात.

हा धंदा त्यांचा पिढीजात नाही. पूर्वी त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. ठेकेदार बदलला, बायका बदलल्या. तेव्हा शेजारच्या गंगूबाईंनी त्यांना हाताशी धरलं. गंगूबाई म्हातारपणामुळे पाटी सोडण्याच्या बेतात होत्या. त्यांनी खवले काढायला शिकवलं, पित्त न फोडता पोट साफ करायला शिकवलं आणि बसायची रीतही सांगितली. दुसरी मासेवाली जिथे बसते तिथून इतकं लांब बसायचं, की एकीचा भाव दुसरीच्या कानावर पडू नये. कानावर पडला की भांडण आलं.

गोजराबाईंनी ही रीत काटेकोर पाळली. खालच्या चौकात जयाबाई बसत. त्या भोई समाजाच्या, माहेर आणि सासर दोन्हीकडे मासेमारी. गोजराबाई इथे बसू लागल्या तेव्हा जयाबाईंनी एका गिऱ्हाइकाजवळ म्हटलं होतं, "मासं इकायला आमाला कुनी शिकवावं लागलं न्हाई." ते शब्द त्याच दिवशी गोजराबाईंपर्यंत पोचले. पुढे दहा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चौकातून फाटक दिसतं, फाटकातून चौक दिसतो. बोलायची गरजही पडत नव्हती.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गोजराबाईंना थंडी वाजून ताप आला. घोटावडे फाट्यावर डॉक्टर सायली शेडगे यांचा लहानसा दवाखाना आहे. डॉक्टर पुण्यात वाढलेल्या, इकडे नव्यानेच आलेल्या. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. उजव्या मूत्रपिंडात खडा होता आणि सूजही होती.

"लघवीला जळजळ होते का, मावशी?"

"व्हय. ह्या साली तिसऱ्यांदा."

"पाणी किती पिता?"

"पिते की. वार सोडून."

"कुठले वार?"

"बुधवार, शुक्रवार, रविवार. हे माजे कोरडे आस्त्यात."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या सासूबाईही काही दिवस पाण्याचा थेंब न घेता काढत असत आणि त्यावरून घरात वाद होई. तीच समजूत त्यांनी इथे घातली. "मावशी, आठवड्यात तीन-तीन निर्जळी उपवास या वयात झेपणार नाहीत. देव काही असं मागत नाही. एक वार ठेवा, तोही पाणी पिऊन."

मध्येच देव कुठून आला हे गोजराबाईंना कळलं नाही. पण डॉक्टर तळमळीने सांगत होत्या, म्हणून त्यांनी "बरं" म्हटलं.

"नुसतं बरं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "असा ताप पुन्हा आला तर भरती करावं लागेल. आणि हे मूत्रपिंड निकामी झालं तर पाटी, धंदा, सगळं विसरायचं. कळलं का?"

एवढं मात्र नीट कळलं. गोळ्या घेऊन त्या घरी आल्या, ताप उतरला आणि पुढच्या रविवारी त्या पुन्हा भिंतीच्या वळणावर जाऊन बसल्या. कोरड्याच.

डॉक्टर सायली त्याच महिन्यात मारुंजीला राहायला आल्या होत्या, आणि त्याच सोसायटीत. रविवारी सकाळी पिशवी घेऊन त्या खाली उतरल्या. फाटकाशी चार-पाच जण उभे होते. त्यात कंपनीत काम करणारे दोघे बंगाली तरुण होते. त्यांना कटल्याचं मुंडकं वेगळं हवं होतं आणि ते त्यांच्या हिंदीत गोजराबाईंना समजावत होते. गोजराबाईंना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. मुंडकं त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.

"मावशी, तुम्ही?" डॉक्टर म्हणाल्या. "आज रविवार ना?"

"व्हय, मॅडम."

"मग तुमचा उपवास?"

गोजराबाईंचा हात विळीवर थांबला. "उपास धरून मासं कापू व्हय?"

"तुम्हीच म्हणालात, कोरडा वार."

"कोरडा म्हंजी कोरडा. पानी प्यायचं न्हाई. प्यालं का जायाला लागतं. जायाचं कुटं?" त्यांनी हातातल्या माशाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाखवलं. एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला दुकानांची रांग, मध्ये डंपर आणि कंपनीच्या बस. "मी बसाया लागले तवा मागं भाताची खाचरं हुती. बांधाला झुडपं हुती. आता तितं तुमी ऱ्हाताय."

कोरडं बसायचं, हाही गंगूबाईंचाच धडा. सकाळी चहा नाही, निघताना घोटभर पाणी, मग पाटी रिकामी होऊन घरी पोचेपर्यंत काही नाही. जयाबाईही तशाच बसत. पौडच्या बाजारातल्या मासेवाल्या, रस्त्याकडेच्या भाजीवाल्या, सगळ्यांचंच असं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी रोहूचे तुकडे घेतले आणि पिशवी हातात घेऊनच त्या सोसायटीच्या कचेरीत गेल्या. पार्किंगच्या टोकाला ड्रायव्हर आणि कामवाल्या बायकांसाठी एक संडास होता. तो मासेवालीला वापरू द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष एकनाथ कुलकर्णी हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. "आज मासेवालीला दिलं, उद्या भाजीवाला येईल, परवा चपलावाला. आणि आधीच त्या बाईंच्या खवल्यांनी आपलं गटार तुंबतं. कुत्री जमतात. तक्रारी माझ्याकडे येतात, डॉक्टर, तुमच्याकडे नाही."

डॉक्टरांनी हे गोजराबाईंना जसंच्या तसं सांगितलं. गोजराबाईंना राग आला नाही. तक्रार खरी होती. बुधवारी त्या स्वतः एकनाथरावांच्या कचेरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, घान मी घिऊन जाते. झाकनाचा ड्रम आनते. खवलं, आतडी, समदं त्यात. घोटावड्याचा एक बागवाला नारळाच्या बुडात घालायला मागतोय. गटारात एक खवला दिसला तर मला सांगा."

"आणि दिसला तर?"

"तर मी चौकात जाऊन बसंन. आन् तितं जया हाय. म्हंजी तुमाला रोज भांडान ऐकाया मिळंल."

एकनाथरावांनी महिनाभर बघू असं ठरवलं. चावी गार्डच्या केबिनमध्ये राहील, नेताना सांगायचं, आणताना सांगायचं. निळा ड्रम आला. गटार तुंबायचं थांबलं. कुत्र्यांनी दोन आठवडे वाट पाहिली आणि दुसरी जागा शोधली. डॉक्टरांनी गोजराबाईंना रबरी हातमोजेही दिले. काट्यांनी बोटं फाटायची आणि बर्फाच्या पाण्यात जखमा चिघळायच्या. दोन्ही हातांत मोजे घातले की मासा निसटतो, म्हणून गोजराबाई मोजा फक्त डाव्या हातात घालू लागल्या. मासा धरणारा हात तो.

सगळं मार्गी लागलं, असं डॉक्टरांना वाटलं. महिन्याने त्यांनी सहज गार्डला विचारलं.

"वो मछलीवाली चाबी लेके जाती है ना?"

"नहीं मैडम. एक बार भी नहीं."

डॉक्टर तडक भिंतीपाशी गेल्या. त्यांचा आवाज चढला होता. "मावशी, मी तुमच्यासाठी त्या माणसाशी भांडले."

"व्हय, मॅडम. ठाव हाय."

"मग?"

"मी गेले तर पाटी कुनाच्या गळ्यात बांधू?" गोजराबाईंनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक बोका बसला होता आणि त्याचं लक्ष चिलापीवर होतं. "पार्किंग त्या टोकाला. जाऊन येस्तोवर ह्यो निम्मी पाटी न्हील. आन् गिऱ्हाईक दोन मिन्टं थांबत न्हाई. सरळ चौकात जातंय."

डॉक्टरांनी केबिनकडे पाहिलं. गार्ड फाटक सोडू शकत नव्हता. चावी खिळ्यावर लटकत राहिली.

व्हायचं ते झालं. जुलैत गोजराबाईंना पुन्हा ताप आला आणि या वेळी दवाखान्यात सलाईनवर राहावं लागलं. एक शुक्रवार गेला, एक रविवार गेला. धम्मपाल पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "आई, आता बास कर. माजं भाडं सुरू हाय, आबांचा पगार हाय. काय आडलंय?"

"घरात बसून काय करू? भित्तीसंगं बोलू?"

"बोल की. ती उलट तरी बोलनार न्हाई."

गोजराबाईंनी तोंड फिरवलं. कँटीनचं काम गेलं तेव्हाचे चार महिने त्या घरात बसून होत्या. ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते चार महिने पुन्हा नको होते. सुटी देताना डॉक्टरांनी मुलासमोरच बजावलं: सकाळी घर सोडायच्या आधी एक बाटली पाणी, दुपारपर्यंत दुसरी. हे होणार नसेल तर धंदा बंद. डॉक्टर पुन्हा सांगणार नव्हत्या.

बुधवारी पहाटे धरणावरून परतताना धम्मपालने स्टेअरिंगवरून एक हात काढून बाटली पुढे केली. "संपव. मी बघतोय."

"रस्त्याकडं बघ."

"रस्ता पाठ हाय. तू पी."

त्यांनी बाटली संपवली. टेंपो फाटकापाशी थांबला तेव्हा भिंतीच्या वळणावर, त्यांच्याच जागी, हिरवी ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर जयाबाई बसल्या होत्या.

"ऊठ जये."

दहा वर्षांनी बोललेले हे पहिले शब्द. जयाबाईंनी विळी पायाखाली घट्ट केली. "का? सातबारा हाय तुज्या नावाचा?"

"मी हितं बसतीया."

"आन् दोन वार कुटं बसली हुतीस? गिऱ्हाईक काय तुजी वाट बघत वरनभात खानार? मी त्यास्नी मासं घातलं. उपकार मान."

धम्मपालला उरवड्याला पोचायचं होतं. त्याने दोन्ही पाट्या जयाबाईंच्या ताडपत्रीच्या कडेला उतरवल्या, ड्रम ठेवला, "आई, भांडायचं तर बसून भांड," म्हणाला आणि गेला.

गोजराबाई बसल्या. दोघींच्या पाटांमध्ये एका हाताचं अंतर होतं. पहिलं गिऱ्हाईक आलं. जयाबाईंनी रोहूचा भाव सांगितला. गोजराबाईंनी त्याहून कमी सांगितला. गिऱ्हाईक गोजराबाईंकडे वळलं.

"मासं धरनातलं हाय का चोरलेलं?" जयाबाई म्हणाल्या.

"तुज्यासारका शिळा न्हाई, एवडं खरं."

"शिळा? कल्ला बघ कल्ला. तुज्या कुकवावानी लाल हाय."

दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं. भाव खाली येत गेला. गंगूबाईंनी सांगितलेलं सगळं खरं ठरत होतं. ऊन चढलं. आणि गोजराबाईंना पाटावर नीट बसता येईना. त्यांनी पाय बदलला, पुन्हा बदलला, पदर खोचला, काढला. दहा वर्षांत या जागी असं कधी झालं नव्हतं, कारण दहा वर्षांत या जागी त्या पोटभर पाणी पिऊन कधी आल्याच नव्हत्या.

जयाबाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. ही चुळबुळ त्यांच्या ओळखीची होती.

"काय गं?"

"काय न्हाई."

समोरून त्या दोघा बंगाली तरुणांतला एक येत होता. तो दर बुधवारी कटला नेत असे. गोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, भिंतीवरच्या बोक्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि डाव्या हातातला मोजा ओढून काढला.

"माजी पाटी बघ. आले."

"मी? तुजी पाटी?"

"मांजर आलं तर हान. आन् तू खाऊ नगंस."

त्या केबिनकडे गेल्या. गार्डने खिळ्यावरची चावी काढून दिली. पार्किंगमधून चालताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या परतल्या असत्या, असं त्या आता सांगतात.

आल्या तेव्हा तो तरुण पिशवी घेऊन जात होता. जयाबाई हाताला चिकटलेले खवले पुसत होत्या. गोजराबाईंच्या पाटीतला मोठा कटला नव्हता. पाटाखाली नोटा घडी करून ठेवलेल्या होत्या.

"मुंडकं येगळं मागत हुता. दिलं," जयाबाई म्हणाल्या.

"भाव काय लावलास?"

"माजा. तुजा कशाला लावू? तू लई सस्तात देतीस, म्हनून तर माजं गिऱ्हाईक पळतंय. न्हाई म्हनला न्हाई तो. गपचीप घिऊन गेला."

गोजराबाई बसल्या. मग त्यांनी बर्फात खोचलेली दुसरी बाटली काढली आणि मध्ये ठेवली.

"पी."

"मला नगं. मी कोरडी हाय."

"म्हनून तर म्हनतीया. पी आन् मग तू जा. गार्डाला सांग, गोजराबाईनं धाडलंय."

जयाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग आपल्या कमरेला हात लावला, उजवीकडे, जिथे गोजराबाईंनाही दुखायचं. "माजं बी झालंय दोनदा," त्या म्हणाल्या. "मी गावातल्या वैदाचा काढा घेतला." त्यांनी बाटली उचलली आणि त्या थोडं पाणी प्यायल्या, मग अजून थोडं.

शुक्रवारी एकनाथराव आले. "मी एकीला परवानगी दिली होती," ते म्हणाले.

"साहेब, एकीला दिली तर तिला उटता येत न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "दोघींला दिली तर एक जाती, एक बसती."

एकनाथरावांनी ड्रमचं झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं, गटारात डोकावून पाहिलं. तक्रार करण्यासारखं काही सापडलं नाही. जाता जाता ते जयाबाईंना म्हणाले, "समुद्राचं काही असतं का तुमच्याकडे? बांगडा वगैरे? धरणातल्या माशाला आमच्याकडे चिखलाचा वास येतो म्हणतात."

या एका प्रश्नाने पुढचं भांडण मिटवलं. जयाबाई तेव्हापासून पुण्याच्या घाऊक बाजारातून बांगडा, मांदेली आणि बोंबील आणतात. धरणाचा मासा गोजराबाईंचा, समुद्राचा जयाबाईंचा. एकीचा भाव दुसरीच्या कानावर पडतो, पण आता त्याने काही बिघडत नाही. गिऱ्हाईक दोघींकडे थांबतं. चौकातली जुनी गिऱ्हाइकं चालत फाटकापर्यंत येतात. बोका दोन्ही पाट्यांवर लक्ष ठेवून असतो आणि बहुतेक वेळा रिकामा जातो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सोसायटीतल्या दोन घरांना वास अजूनही सहन होत नाही आणि ते दर बैठकीत तसं सांगतात. रस्ता रुंद करण्याचं काम सुरू होईल तेव्हा भिंतीचं वळण राहील की नाही, हे कुणाला माहीत नाही. चावी तोंडी परवानगीवर आहे. गोजराबाईंना हे ठाऊक आहे. रस्ता रुंद झाला तर दोघींनी मिळून सोसायटीच्या मागच्या फाटकाशी जायचं, असं त्यांचं ठरलं आहे. जयाबाईंनी तिथल्या गार्डशी ओळखही करून ठेवली आहे. बोंबील त्याला आवडतात.

जानेवारीत गोजराबाई दवाखान्यात गेल्या. खडा पडून गेला होता, सूज नव्हती. सोबत जयाबाई होत्या. त्यांची तपासणी पहिल्यांदाच होत होती आणि त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला. "मग मावशी, कोरडे वार कुठले आता?"

"सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनवार," गोजराबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईकच न्हाई."

"आन् ही घरी बसून पानी पिती, आन् मला फोन करती," जयाबाई म्हणाल्या. "तू प्यालीस का, तू प्यालीस का. डोकं खाती नुसतं."

"मग प्यालीस का?"

"प्याले गं बाई," जयाबाई म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. "मॅडम, हितं आतमदी सोय कुटं हाय?"